क्लास लावलाय, पण तुमची वही कोण वाचतंय?

बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात 'भाषण लिहा' असा प्रश्न दिसला, की पेन आपोआप चालायला लागतं. 'रिस्पेक्टेड प्रिन्सिपल सर, टीचर्स अँड माय डिअर फ्रेंड्स...' पुढचं वाक्य तयार असतं, त्याच्या पुढचंही तयार असतं. शेवटी 'थँक यू'. विषय पाण्याचा असो, मोबाइलचा असो नाहीतर मुलींच्या शिक्षणाचा, सुरुवात तीच आणि शेवटही तोच. मधे विषयाचं नाव तेवढं बदलायचं. तुम्ही बारावी बीडमधून दिलेली असो, अंबाजोगाईतून, परळीतून नाहीतर आष्टी-पाटोद्याच्या एखाद्या ज्युनिअर कॉलेजातून, हे भाषण तुम्हाला आजही पाठ असेल. म्हणून बघा.

आता दुसरं काहीतरी करून बघा. एक कोरा कागद घ्या आणि तुमच्या गावच्या पाण्याबद्दल इंग्रजीत दहा ओळी लिहा. कुणाचं न बघता. टँकर, विहीर, बोअर, हंडा, जे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय तेवढंच. तिसऱ्या ओळीला पेन अडलं तर लाजू नका, बहुतेकांचं अडतं. आपल्या राज्यात 2000 साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. म्हणजे तुमच्या पिढीनं बारा वर्षं हा विषय शिकलाय. या बारा वर्षांत 'तुझ्या मनातलं लिही, मी वाचतो' असं तुम्हाला किती जणांनी म्हटलं, ते बोटांवर मोजा. बऱ्याच जणांना बोट वर करायचीही वेळ येणार नाही.

मला जे म्हणायचंय ते इथंच आहे. दरवर्षी बारावीची पोरं इंग्रजीला क्लास लावतात. आईबाप फी भरतात, काही जण उसने काढून भरतात. त्या फीच्या बदल्यात नोट्स मिळतात, तयार उत्तरं मिळतात, 'हे शंभर टक्के येणार' अशी खात्रीही मिळते. फक्त पोरानं स्वतः लिहिलेलं पान कुणीतरी बसून वाचावं, एवढी एकच गोष्ट मिळत नाही. आणि लिहायला शिकायचं तर तीच एक गोष्ट लागते.

पेपर नेमकं काय मागतो?

आधी पेपरच नीट बघू. बारावीच्या इंग्रजीत 80 मार्कांचा लेखी पेपर आणि 20 मार्क तोंडीला. लेखी पेपरातले 16 मार्क सरळ लेखनकौशल्याचे. चार प्रश्न, प्रत्येकाला चार मार्क. पहिल्यात स्टेटमेंट ऑफ पर्पज, व्हर्च्युअल मेसेज किंवा ग्रुप डिस्कशन. दुसऱ्यात ई-मेल, रिपोर्ट किंवा मुलाखतीचे प्रश्न. तिसऱ्यात भाषण, सूत्रसंचालन किंवा कल्पनाविस्तार. चौथ्यात रिव्ह्यू, ब्लॉग किंवा अपील.

एकूण बारा प्रकार झाले. प्रत्येक प्रकारात दहा-दहा विषय धरले तर एकशेवीस उत्तरं. तेवढी कुणी पाठ करत नाही. मग काय होतं? प्रत्येक प्रकाराचा एक साचा पाठ करायचा आणि पेपरात येईल तो विषय त्यात कोंबायचा. साचा मोठा आणि विषय लहान, बाळाला बापाचा सदरा घातल्यासारखं.

वेळेचंही गणित आहे. तीन तासांत 80 मार्क, म्हणजे चार मार्कांच्या प्रश्नाला नऊ मिनिटं. नऊ मिनिटांत विषय समजून घ्यायचा, दोन-तीन मुद्दे ठरवायचे आणि शंभर-सव्वाशे शब्द लिहायचे. हे अवघड आहे, यात वाद नाही. पण सायकल शिकण्याइतकंच अवघड आहे. सायकल कशी चालवावी यावर दोनशे पानांच्या नोट्स पाठ करून कुणाला सायकल आलेली नाही. कुणीतरी मागनं सीट धरावी लागते आणि आपण पडावं लागतं.

क्लासवाल्या सरांचं गणित

इथं कुणाला वाटेल, की मी क्लासवाल्यांवर घसरणार. तसं नाही. बीड, लातूर, संभाजीनगरच्या क्लासेसमध्ये मनापासून शिकवणारे सर आहेत. पण त्यांच्याही हातात एक साधं गणित आहे. समजा एका बॅचला 120 मुलं आहेत. प्रत्येकानं आठवड्याला एक पान लिहिलं आणि सरांनी एका पानाला पाच मिनिटं दिली, तर 600 मिनिटं होतात. पूर्ण दहा तास. आणि बॅच एकच नसते. तेव्हा सर फळ्यावर एक आदर्श उत्तर लिहितात, सगळे ते उतरवून घेतात, बॅच संपते. कॉलेजातल्या मॅडमचंही हेच. वर्गात पोरं जास्त, तास कमी, वर परीक्षांचं नि कागदपत्रांचं काम वेगळंच.

त्यात सायन्सच्या पोरांचं लक्ष नीट आणि सीईटीवर. इंग्रजी म्हणजे 'काढायचा' विषय. पस्तीस मिळाले, विषय निघाला, खेळ खलास. यातली गंमत अशी, की नीटच्या पात्रतेसाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीबरोबर इंग्रजीतही पास व्हावंच लागतं. तरी त्याला वेळ द्यायचा तो जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, 'अपेक्षित' हातात घेऊन.

'पण मार्क मिळतात ना?'

मिळतात. हे मान्यच करायला हवं. फॉरमॅट बरोबर असला, हस्ताक्षर बरं असलं, ठरलेली वाक्यं जागेवर पडली, तर चारातले अडीच-तीन पदरात पडू शकतात. ज्याला नुसतं पास व्हायचंय, त्याचं भागतं. मग तक्रार कशाला?

एक तर आपल्याकडं कॉपीचा विषय निघाला, की सगळे फार गंभीर होतात. कॉपीमुक्त अभियान होतं, भरारी पथकं येतात, खिडक्यांवर लक्ष असतं. ते व्हायलाच पाहिजे. पण दुसऱ्याचं उत्तर चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवलं तर ती कॉपी आणि तेच उत्तर डोक्यात ठेवलं तर तो अभ्यास, हा फरक नेमका कुठल्या जागी पडतो? पाठ करणाऱ्यानं मेहनत केली हे खरं, आणि तो नियमही मोडत नाही. पण पान भरून झाल्यावर दोघांच्याही हाती स्वतःचं वाक्य एकही नसतं.

आणि दुसरं कारण तुमच्या थेट फायद्या-तोट्याचं आहे. बारावीनंतर तयार साचा देणारा कुणी भेटत नाही. स्पर्धा परीक्षा करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचं ठरलं, तेव्हा 2023 च्या सुरुवातीला पुण्यात पोरं रस्त्यावर उतरली होती. 'आमची तयारी पर्यायांची, आता एकदम लिहायचं कसं?' हा त्यांचा प्रश्न होता. मग आयोगानं नवी पद्धत 2025 पासून लागू करायचं जाहीर केलं. आता निबंधाचा 250 मार्कांचा पेपर आहे. मराठी आणि इंग्रजीचे 300-300 मार्कांचे पेपर आहेत. ते फक्त पात्रतेचे आहेत, 25 टक्के मिळवायचे, पण ते मिळाले नाहीत तर बाकीचं सगळं पाण्यात. बीड जिल्ह्यातून पुण्याला, संभाजीनगरला अभ्यासिकांमध्ये बसायला जाणारी पोरं थोडीथोडकी नाहीत. बारावीत नऊ मिनिटांत एक पान लिहायची सवय लागली असती, तर चोविसाव्या वर्षी कोऱ्या कागदाची भीती वाटली नसती.

आणि सगळेच काही राज्यसेवा देत नाहीत. कुणाला नर्सिंगला अर्ज करायचाय, कुणाला पुण्यातल्या कंपनीत ई-मेल पाठवायचाय, कुणाला स्कॉलरशिपसाठी 'तुम्हाला हा कोर्स का करायचाय' ते दोनशे शब्दांत सांगायचंय. तिथं 'रिस्पेक्टेड प्रिन्सिपल सर' उपयोगाला येत नाहीत.

लिहायला आपल्याकडं आहे काय?

बरीच पोरं म्हणतात, 'आम्ही खेड्यातले, आमच्याकडं लिहिण्यासारखं काय आहे?' मला हे वाक्य सगळ्यात जास्त टोचतं. 17 सप्टेंबर 2025 ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, बीडहून अहिल्यानगरला रेल्वे सुटली. आजोबांच्या तोंडून 'रेल्वे येणार, रेल्वे येणार' ऐकत आपल्या दोन पिढ्या मोठ्या झाल्या. त्या दिवशी स्टेशनवर किती गर्दी होती, कोण कुठून आलं होतं, म्हातारी माणसं काय बोलत होती, यावर रिपोर्ट लिहायचा तर कुठल्या गाइडची गरज आहे? कोण, काय, कुठं, कधी, कसं, रिपोर्टला लागतं ते सगळं समोर उभं आहे. तरी आपण लिहितो काय? 'ट्री प्लांटेशन प्रोग्राम वॉज सेलिब्रेटेड इन अवर कॉलेज विथ ग्रेट एन्थुझियाझम.' जे झाड लावलंच नाही, त्याचा उत्साह.

समजा, धारूर-वडवणीकडच्या एका मुलीला बी.कॉम.ला जायचंय आणि तिला स्टेटमेंट ऑफ पर्पज लिहायचंय. तिच्या नोट्समध्ये वाक्य आहे, 'सिन्स माय चाइल्डहूड आय वॉज फॅसिनेटेड बाय द वर्ल्ड ऑफ फायनान्स.' या मुलीचे आईवडील ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल किती, त्यातली किती फिटली, किती राहिली, हा हिशेब घरात तीच ठेवते, कारण आकडे पक्के असणारी तीच. आता तिनं नोट्स बंद करून एवढंच लिहिलं, 'आय कीप द अकाउंट्स ऑफ माय पेरेंट्स वर्क. आय वॉन्ट टू लर्न टू डू इट वेल.' शब्द सगळे पाचवी-सहावीचे. पण हे वाचणारा माणूस पान उलटणार नाही, पुढं वाचेल. कारण हे वाक्य राज्यात दुसऱ्या कुणाला लिहिता आलं नसतं.

शाळकरी पोरीचा निबंध किती लांब जाऊ शकतो, याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे. सावित्रीबाई-जोतिबांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो 1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आज एकशेसत्तर वर्षांनंतरही तो वाचला जातो, अभ्यासला जातो. तिनं पाठ केलेलं लिहिलं असतं, तर तो निबंध वर्गातच संपला असता. आणि तिचं लिहिलेलं वाचणारं, त्याची किंमत ओळखणारं कुणीतरी त्या शाळेत होतं, हेही विसरू नका.

आपल्या जिल्ह्याबद्दल म्हणाल, तर अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. तिथल्याच दासोपंतांनी कागद सोडून कापडाच्या पासोडीवर लिहिलं, सुमारे चाळीस फूट लांबीच्या. ज्या मातीत माणसानं चाळीस फूट पासोडी लिहून काढली, तिथल्या पोराला स्वतःचे सव्वाशे शब्द लिहायला घाम फुटावा? भाषा परकी आहे, मान्य. पण सांगायला काही नाही, हे मला अजिबात मान्य नाही.

पुस्तकात आहे, वर्गात नाही

गंमत म्हणजे यावरचा उपाय बारावीच्या इंग्रजीच्या पुस्तकातच आहे. ई. आर. ब्रेथवेट यांच्या 'टू सर, विथ लव्ह' या कादंबरीतला भाग तुम्ही अभ्यासलाय. लंडनच्या ईस्ट एंडमधली गरीब वस्तीतली शाळा, आणि फ्लोरियन नावाचे हेडमास्तर. त्या शाळेत मुलं दर आठवड्याला आपापल्या शब्दांत आठवड्याचा आढावा लिहितात. शाळेबद्दल, शिक्षकांबद्दल, जे वाटेल ते. शिक्षकांवर टीका केली तरी कुणी रागावत नाही, शिक्षा होत नाही. मुलांना लिहायचा सराव होतो आणि मुलांच्या डोक्यात काय चाललंय ते शिक्षकांना कळतं.

आणि आपण या धड्याचं काय करतो? 'आठवडी आढाव्याचे महत्त्व स्पष्ट करा' याचं तयार उत्तर पाठ करतो! ज्या गोष्टीत पोरांनी स्वतःच्या शब्दांत लिहावं असं सांगितलंय, तिचंच उत्तर दुसऱ्याच्या शब्दांत. हसावं की रडावं कळत नाही. पण त्यात वाटही दिसते. आठवड्याला एक पान, आणि ते वाचणारा एक माणूस. यापेक्षा जास्त काही लागत नाही.

फी भरण्याआधी एक प्रश्न

तुमच्या घरात, भावकीत कुणी बारावीला असेल आणि इंग्रजीचा क्लास लावायचा विचार चालला असेल, तर फी भरण्याआधी सरांना एकच प्रश्न विचारायला सांगा. 'सर, परीक्षेपर्यंत माझी स्वतःची किती पानं तुम्ही वाचून परत द्याल?' उत्तर 'पंधरा' आलं तर खुशाल भरा, पैसे कारणी लागले. उत्तर 'पाच' आलं तरी ठीक. पण उत्तरात 'आमच्या नोट्समधूनच पेपर येतो' असं ऐकू आलं, तर समजून जा. नोट्स झेरॉक्सच्या दुकानात स्वस्त मिळतात.

मोबाइलचंही तेच. चॅटजीपीटीला सांगितलं तर ते दोन सेकंदांत छान भाषण लिहून देतं. ते उतरवून काढलं तर हस्ताक्षर सुधारेल, दुसरं काही नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये ते बरोबर येत नाही. त्यापेक्षा आधी स्वतः लिहा, मग ते पान दाखवून विचारा, 'यातलं कुठलं वाक्य कळत नाही?' तेवढा उपयोग जरूर करा. पण खोपी म्हणजे काय, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी कशी, पहाटे तीनला गाडी भरताना थंडी कशी वाजते, हे ज्याला माहीत आहे, असा वाचणारा मोबाइलमध्ये नाही. तो तुमच्यात आहे.

वाचणारे तुम्ही का नाही?

म्हणून हा लेख बारावीच्या पोरांसाठी लिहिलेला नाही. तो तुमच्यासाठी आहे. एफवाय, एसवाय, टीवायला असणाऱ्या, आणि बारावीचा तो पेपर नुकताच देऊन आलेल्या तुमच्यासाठी.

आपल्या जिल्ह्याचं कॅलेंडर वेगळं आहे. दसरा-दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात, ते थेट मार्च-एप्रिलला परत येतात. बारावीची परीक्षा येते फेब्रुवारीत, आणि पहिला पेपर बहुतेक वेळा इंग्रजीचाच. म्हणजे ऐन परीक्षेच्या वेळी कितीतरी घरांना कुलूप असतं, नाहीतर घरात आजी आणि बारावीचं पोर एवढंच. कुणी वसतिगृहात असतं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं शासकीय वसतिगृहांची योजना आली, ती चांगलीच आहे. डोक्यावर छप्पर आणि ताटात जेवण ही पहिली गरज. पण 'आज काय लिहिलंस, दाखव बरं' असं म्हणणारं माणूस सरकारी आदेशानं मिळत नाही. ज्याच्याकडं क्लासचे पैसे नाहीत, त्याला वाचणारा मिळायची शक्यता तर आणखीनच कमी.

दिवाळी ते फेब्रुवारी म्हणजे साधारण पंधरा आठवडे. तुम्ही प्रत्येकानं एकच बारावीचं पोर धरायचं. गावातलं, गल्लीतलं, वसतिगृहातलं, मावशीचं, कुणाचंही. त्यानं आठवड्याला एक पान लिहायचं, घड्याळ लावून, नऊ-दहा मिनिटांत. तुम्ही ते वाचायचं. तुम्ही पुण्यात आणि ते पोर गेवराईच्या पुढच्या वस्तीवर असेल, तर पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येईल आणि तुमचं म्हणणं व्हॉइस नोटनं जाईल. आठवड्याला तुमची पंधरा मिनिटं. एवढा वेळ आपण रील्स बघत कसा घालवतो, ते आपलं आपल्याला माहीत आहे.

'पण मलाच कुठं धड इंग्रजी येतं?' हा प्रश्न येणारच. तुम्हाला इंग्रजीचे प्राध्यापक व्हायचं नाहीये. चार गोष्टी पाळा.

पहिली, लाल पेन हातात न घेता पान शेवटपर्यंत वाचा. मग त्याला मराठीत सांगा, की मला यातनं हे कळलं. त्याला सांगायचं होतं ते आणि तुम्हाला कळलं ते, यात जिथं अंतर पडलं, तिथंच काम करायचंय.

दुसरी, जिथं अडलं तिथं साधा प्रश्न विचारा. 'म्हणजे काय झालं? कोण म्हणालं? किती वाजता?' या प्रश्नांना व्याकरण लागत नाही. त्याची उत्तरं पोर तोंडी देईल. त्याला म्हणा, 'हे आत्ता बोललास ना, तेच लिही.'

तिसरी, एका आठवड्याला एकाच प्रकारची चूक धरा. मराठीत 'अ', 'अ‍ॅन', 'द' असलं काही नाही, म्हणून ते हमखास गळतात. एक आठवडा फक्त तेच. दुसऱ्या आठवड्यात 'डिड नॉट वेंट'सारखी काळाची गडबड. तिसऱ्यात वाक्याचा क्रम, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं आणि त्यांचं कर्त्याच्या लगेच मागं. सगळ्या चुका एकदम दाखवल्या तर पान लाल होतं आणि पोर पुढच्या आठवड्यात फोटो पाठवत नाही. तुम्हालाच शंका आली, तर तुमच्या कॉलेजच्या सरांना-मॅडमना विचारा. आठवड्यात एक प्रश्न विचारणाऱ्या पोराला कोणी हाकलत नाही.

चौथी, तेच पान त्याच्याकडून पुन्हा लिहून घ्या. ही पायरी सगळे गाळतात. चूक दाखवल्यानं लिहिणं सुधारत नाही, दुसऱ्यांदा लिहिल्यानं सुधारतं. पहिलं आणि दुसरं पान शेजारी ठेवलं, की पोराला स्वतःलाच फरक दिसतो.

या पंधरा आठवड्यांत त्या पोराचे चार-पाच मार्क वाढतील की नाही, याची गॅरंटी मी देत नाही. ती गॅरंटी देणाऱ्यांच्या पाट्या बसस्टँडजवळ भरपूर आहेत. पण त्यानं पंधरा विषयांवर स्वतःची पंधरा पानं लिहिलेली असतील, आणि प्रत्येक पान दोनदा. पेपरात सोळावा विषय आला तरी तो घाबरणार नाही. आणि दुसऱ्याची पंधरा पानं इतक्या बारकाईनं वाचणाऱ्याचं स्वतःचं इंग्रजी जागेवर राहत नाही. 300 मार्कांच्या त्या पात्रतेच्या पेपरात तुम्हालाही बसायचं असेल, तर ही तयारी आहे, आणि फुकटात आहे.

दोस्तांनो, शिक्षणमंत्र्यांनी काय करावं, बोर्डानं पेपर कसा काढावा, यावर आपण चहाच्या टपरीवर तासन्‌तास बोलू शकतो. ते बोलायलाही हवं. वर्गातली पोरं कमी करा, वह्या तपासायला शिक्षकांना वेळ द्या, ही मागणी सोडायची नाही. पण यंदाची बारावी त्या निर्णयापर्यंत थांबणार नाही, तिचा पेपर फेब्रुवारीत आहे. आज रात्री तुमच्या फोनमधला एक नंबर शोधा. गावाकडच्या त्या बारावीच्या पोराला, पोरीला एवढाच मेसेज टाका, 'तुमच्या गावच्या पाण्यावर इंग्रजीत दहा ओळी लिही आणि फोटो पाठव. चुका झाल्या तरी चालतील. मी वाचतो.' 'मी वाचते' म्हणणाऱ्या पोरीही यात असू द्या, कारण गावातल्या कितीतरी मुली दादाला पान दाखवायला संकोचतात, ताईला दाखवतील.

आणि फोटो आला, की खरंच वाचा.